तुडुमावरचा माणूस

[तलावाची पार. ऑक्टोबरची सकाळ.]

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागातले, झाडीपट्टीतले हे गाव. खांद्यावर कुदळ टाकून पारीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जे गृहस्थ येत आहेत त्यांचे मतदारयादीतले नाव विचारले, तर गावातल्या पोरांना क्षणभर आठवावे लागते, कारण सगळे त्यांना पाणकर म्हणूनच ओळखतात. तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी जाईल आणि किती वेळ चालेल, हे ठरवण्याचे काम त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आले आहे. त्यांची स्वतःची धानाची दोन एकर जमीन पाटाच्या अगदी शेवटाला आहे, म्हणजे साऱ्या गावाला पाणी देऊन झाल्यावर त्यांची पाळी येते.

पूर्व विदर्भात असे जवळपास सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्या मंडळींनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने हेरून ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्याच परंपरेतला. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात गेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. तेव्हापासून हे माजी मालगुजारी तलाव, लहान असतील तर जिल्हा परिषदेच्या आणि मोठे असतील तर पाटबंधारे खात्याच्या हिशेबात आहेत. आम्हाला दाखवलेल्या नोंदींत पारीची लांबी होती, सांडव्याची उंची होती, भिजणारे क्षेत्र होते; पाणी वाटणाऱ्या माणसासाठी मात्र रकाना नव्हता.

[तुडुम, जवळून.]

हे तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी पाटात सोडण्याची जागा, नीट पाहावे असे आहे. पारीच्या आतल्या अंगाला दगडात बांधलेल्या या उभ्या बांधकामात एकाखाली एक सहा भोके आहेत आणि प्रत्येक भोकात लाकडाचा गुट्टा ठोकून भोवती गवत आणि चिकणमाती लिंपलेली आहे. तलाव उतरत जाईल तसतसे वरून खाली एकेक भोक मोकळे करायचे असते. घाईने खालचे भोक आधी उघडले, तर पाण्याच्या दाबाने गुट्टा पुन्हा बसत नाही आणि पाटाचे काठ फुटतात. पाणकर छातीभर पाण्यात उतरतात, पायाने दगड चाचपतात आणि गुट्ट्याला सरळ न ओढता दोन्ही बाजूंनी ठोके देत सैल करतात. हात पाण्याखाली असल्याने आपल्याला फक्त त्यांचा खांदा हलताना दिसतो. गुट्टा सुटल्याची खूण पारीच्या पलीकडे, कोरड्या पाटात उमटते.

येथे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग या पाण्याची गरज काय, असे बाहेरच्याला वाटू शकते. परंतु पाऊस परततो आणि नेमके त्याच सुमारास भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान निसवू लागते. त्या दिवसांत बांधी कोरडी पडली तर लोंब्या येतात, पण दाणा भरत नाही आणि शेतकऱ्याच्या हाती पोचट धान लागते. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये पाणकरांना रस्त्याने सरळ चालता येत नाही. “काकाजी, माह्या बांधीत पाणी कवा येते?” हा प्रश्न त्यांना चहाच्या टपरीवर, देवळापाशी, अगदी मयतीलाही विचारला जातो. “येते ना बाबू, परवा,” असे ते म्हणतात, आणि तो परवा सहसा चुकत नाही.

[रोवणी. जुलै.]

पावसात वाकलेल्या या रांगेत सर्वात पुढे पाणकरांच्या पत्नी आहेत. गावातल्या बायांची टोळी त्याच गोळा करतात, गुत्त्याचा, म्हणजे ठेक्याच्या कामाचा, भाव त्याच ठरवतात आणि चिखल बरोबर झाला नसेल तर ट्रॅक्टरवाल्याला बांधीत परत पाठवणाऱ्याही त्याच. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या अंगठ्याने चिखलात दाबलेले तीन-चार रोपांचे चूड, आणि एक पाऊल मागे; दिवसभर हेच. शेजारी सून आहे, आणि प्लास्टिकची खोळ पांघरून धुऱ्यावर बसलेला नातू आहे, ज्याला खेकडे पकडू नकोस असे तिघांनीही बजावलेले आहे. मुलगा कापणीनंतर मिरची तोडायला तेलंगणात जातो.

तलावाकडे परत येऊ. काठावरची ही हिरवी दाटी बेशरम या झुडपाची आहे आणि ती वाढते आहे, कारण तळाशी गाळ वाढतो आहे. सहा भोकांपैकी खालची दोन गाळात गाडली गेली आहेत. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना राज्यात २०१७ साली आली. येथे मशीन आले तेव्हा काठालगतचा गाळ निघाला, तुडुमासमोरचा तसाच राहिला, कारण तिथवर मशीन उतरवायचे तर आधी पाणी सोडावे लागले असते. तुडुमासमोरचा गाळ हाताने काढता येतो, पूर्वी सारे गाव मिळून काढत असे, आणि आजही काढता येईल, हे पाणकर कॅमेऱ्यासमोर तीन वेळा सांगतात. गेल्या हंगामात पाटाच्या शेवटाकडचे धान वाळले, त्यात त्यांचेही होते, आणि सोसायटीचे कर्ज थकले.

मळणीनंतर पाणकराला एकरामागे ठरलेले कुडव, म्हणजे मापाने धान, द्यायचे, ही जुनी रीत. आता धान खळ्यावरून चाळीस किलोच्या बारदान्यात भरून थेट आधारभूत केंद्रावर जाते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. पाणकराचा वाटा काहीजण रोखीने देतात, काहीजण पुढच्या वर्षी देतो म्हणतात. पाणकर कोणाची पाळी चुकवत नाहीत.

[समाजमंदिर. सभा.]

कापणी जवळ आली की ही सभा भरते आणि उन्हाळी धान घ्यायचे की नाही, हे तीत ठरते. तलावात पाणी किती, असे विचारल्यावर पाणकर उभे राहून फक्त “दीड भोक” एवढेच सांगतात. त्यावर बराच वाद होतो. बोअर असलेल्यांना चिंता नसते, नसलेल्यांना असते. शेवटी ठरते ते असे, की उन्हाळी धानाला तलावाचे पाणी मिळणार नाही, ज्याला हवे त्याने उभ्या धानातच लाखोळी डाळीचे बी फेकावे, आणि उरलेले पाणी ढोरांसाठी व मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मासळीसाठी राखावे. गाळाचा विषय पुढच्या सभेवर गेला.