मेल पुढे काढा, पण रूळ दिवसभर अडवू नका: सरकारी रेडिओ लहरी आणि आपलं ५जी

नमस्कार मंडळी. मी आत्ता कुर्ल्याला, जरीमरीत, एका इमारतीच्या गच्चीवर उभा आहे. एक मिनिट थांबतो, विमान येतंय.

(विमान डोक्यावरून जातं. आवाज ओसरेपर्यंत थांबणे.)

गेलं. या विमानात एक यंत्र असतं, रेडिओ अल्टिमीटर. ते जमिनीकडे लहरी सोडतं, आपटून परत आलेल्या लहरी पकडतं आणि जमीन अजून किती फूट खाली आहे ते सांगतं. जुलैत ढग इतके खाली येतात की धावपट्टी शेवटपर्यंत दिसत नाही. तेव्हा हा आकडा चुकून चालत नाही.

हे यंत्र ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर काम करतं. आणि २०२२ च्या लिलावात ५जी साठी विकला गेलेला लहरींचा एक मोठा पट्टा आहे ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा. मध्ये तब्बल ५३० मेगाहर्ट्झचं अंतर. तरी भीती होती, कारण जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर, म्हणजे नको त्या लहरी गाळणारे भाग, सैल असतात, शेजारपाजारचा जोरदार आवाजही त्यांना ऐकू येऊ शकतो. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत या पट्ट्यातला टॉवर नको.

आता मुंबई विमानतळाचा नकाशा बघा.

(स्क्रीनवर: धावपट्टी, तिच्याभोवतीची रेघ, आत जरीमरी, साकीनाका, विलेपार्ल्याची नावं.)

विमानतळाला इतकी खेटून वस्ती असलेलं शहर शोधावं लागेल. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. विमानातल्या माणसांच्या जिवापुढे माझ्या व्हिडिओचा वेग काहीच नाही. पण लहरी वाटून घेण्याची ही सगळ्यात ढोबळ पद्धत आहे. नकाशावर रेघ मारायची आणि चोवीस तास, बारा महिने ती तशीच ठेवायची.

या लहरी मुळात कोणाच्या? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलंय, सार्वजनिक मालमत्ता. म्हणजे तुमच्या-माझ्या. फक्त मोबाइल आपल्या हातात यायच्या कितीतरी आधीपासून नौदल, हवाई दल, हवामान खातं त्यांच्यावर काम करत होतं. चांगल्या जागा आधी आलेल्यांना मिळाल्या. त्यात कोणाचाही दोष नाही.

मग मोबाइलला जागा हवी झाली, तेव्हा आपण संरक्षण दलांना म्हटलं, थोडं सरका. बदल्यात तुम्हाला स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं देतो. २०१२ मध्ये त्यासाठी १३,३३४ कोटी मंजूर झाले, २०१८ मध्ये आणखी ११,३३० कोटी. जमिनीवरच्या छावण्यांसाठी हे ठीक आहे. पण कुलाब्याच्या समोर उभ्या असलेल्या युद्धनौकेला फायबर कसं जोडणार? तिचं रडार हवेतच बोलणार, आणि त्याच ठरलेल्या पट्ट्यात बोलणार.

ती नौका महिनाभर समुद्रात लांब असेल, तर तो पट्टा इथे मुंबईत रिकामा. आणि तानसा-भातसाचं पाणी साठवता येतं, लहरी साठत नाहीत. आज दुपारी न वापरलेली लहर उद्या शिल्लक राहत नाही. मला हेच सगळ्यात जास्त खुपतं.

कसारा लोकलने रोज जाणाऱ्यांना हे एका वाक्यात कळेल. लोकल बाजूला घेतात, मेल पुढे काढतात, मग लोकल सुटते. वैताग येतो, मान्य. पण मेल येणार म्हणून सकाळपासून रूळ रिकामा ठेवला असता, तर आपण कामावर पोचलो असतो का?

अमेरिकेने हे रेडिओ लहरींत करून दाखवलंय. ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे १५० मेगाहर्ट्झचा पट्टा. त्यात त्यांच्या नौदलाची रडारं आहेत. २०१५ मध्ये नियम झाले, २०२० च्या सुरुवातीला पूर्ण व्यापारी वापर सुरू झाला. मान तीन पायऱ्यांचा. सगळ्यात वर नौदल. खाली लिलावात पैसे मोजून परवाना घेतलेले, त्यांच्यासाठी जास्तीत जास्त ७० मेगाहर्ट्झ. त्यांच्याही खाली कोणीही, परवाना विकत न घेता: एखादा कारखाना, शाळा, छोटी इंटरनेट कंपनी.

कमाल पुढे आहे. किनाऱ्यावर कान लावून बसलेले सेन्सर आहेत. जहाज जवळ आलं, रडार सुरू झालं, की सेन्सर एका मध्यवर्ती संगणक यंत्रणेला कळवतो. त्यानंतर ३०० सेकंदांत, म्हणजे पाच मिनिटांत, त्या भागातल्या आड येणाऱ्या टॉवरना एक तर गप्प व्हायचं, नाहीतर दुसऱ्या मोकळ्या लहरीवर जायचं. जहाजाने कोणाला फोन करायचा नाही, अर्ज करायचा नाही.

यात उणीव नाही असं नाही. सेन्सरला नीट ऐकू यावं म्हणून त्याच्या आसपासच्या टॉवरना आवाज दाबून ठेवावा लागतो. आणि ते किनाऱ्यावर असल्यामुळे झळ बसते किनाऱ्यालगतच्या वस्तीला. मुंबईत हे जसंच्या तसं आणलं तर सगळं शहरच किनाऱ्यालगत आहे! त्यामुळे नक्कल चालणार नाही, आपलं गणित आपल्यालाच मांडावं लागेल.

अशक्य वाटत असेल तर घरातला वाय-फाय राउटर बघा. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलवर बरेच राउटर बोलण्याआधी साधारण ६० सेकंद नुसते ऐकतात, आजूबाजूला रडार आहे का म्हणून. सापडलं तर चॅनल सोडून देतात. याच भागात अनेक देशांची हवामान रडारं चालतात. आणि ही ऐकण्याची सोय बिघडली की काय होतं, ते २००९ मध्ये प्वेर्तो रिकोच्या सान हुआनला दिसलं. विमानतळासाठीच्या हवामान रडारमध्ये बाहेरच्या वायरलेस यंत्रांचा गोंगाट शिरला. जोगेश्वरीच्या वेरावलीलाही सी-बँडचं, म्हणजे याच भागातल्या लहरींचं, हवामान रडार आहे, आणि पावसाळ्यात आपण त्याच्याच चित्रांवर नजर ठेवून असतो. राउटर कुठल्या चॅनलवर ऐकणार ते त्यात निवडलेल्या देशाच्या नियमांवर ठरतं, म्हणून ती सेटिंग चुकीच्या देशावर ठेवू नका, कोणी कितीही वेगाची लालूच दाखवली तरी.

आपल्याकडे कायद्याचं दार उघडलंय. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात एकाला दिलेली लहर दुसऱ्यालाही दुय्यम हक्काने देण्याची तरतूद आहे. आता नियमांमध्ये मला तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. नौदलाला किंवा विमानाला गरज पडली हे कोण ऐकणार? त्यानंतर किती सेकंदांत बाकीच्यांनी जागा सोडायची? आणि नाही सोडली तर टॉवर बंद करायचा अधिकार कोणाच्या हातात? सेकंदांचा आकडा कागदावर आल्याशिवाय नौदल विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नये.

(दुसऱ्या विमानाचा आवाज. कॅमेरा वर.)

हे बघा, पुढचं आलं. दूरसंचार विभाग नियमांचा मसुदा काढतो तेव्हा लोकांच्या सूचना मागवतो. असा मसुदा निघाला की मी इथे वाचून दाखवीन, आणि आपण सगळे मिळून त्यावर लिहू.