एकच गोळी: सातव्या महिन्यात नको, बाळंतपणानंतर चालते

नमस्कार. सातवा महिना चालू आहे, कंबर धरलीय आणि औषधांच्या डब्यात कॉम्बिफ्लामची पट्टी दिसतेय. घ्यायची? नाही, ही नका घेऊ.

या गोळीत दोन औषधं आहेत, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. अडचण आयबुप्रोफेनची. पाचव्या महिन्यापासून पोटातलं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी बाळाच्या किडनीचं काम मंदावू शकतं. मग लघवी कमी होते आणि सोनोग्राफीत डॉक्टर म्हणतात, "पाणी कमी झालंय." म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये इशारा दिला, की विसाव्या आठवड्यापासून या गोळ्या टाळा. तिसाव्या आठवड्यानंतर तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्माआधीच आकसण्याची भीती असते.

एखादी गोळी आधीच घेतली असेल तर जिवाला घोर लावून घेऊ नका. पाणी कमी होणं बहुधा काही दिवस सलग घेतल्यावर दिसतं. पण तपासणीला जाल तेव्हा सांगा.

आणि म्हणून ताप अंगावर काढायचा, असंही नाही! पोटात बाळ असताना तापाकडे दुर्लक्ष नकोच. नुसती पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढी आणि तितकेच दिवस. मेडिकलमध्ये "अंगदुखीची गोळी द्या" म्हणू नका, कितवा महिना आहे ते आधी सांगा. हो, बीपीच्या धोक्यामुळे डॉक्टरांनी ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली असेल, तर माझा व्हिडिओ बघून ती बंद करू नका. तिचं कारण वेगळं आहे.

आता बाळ झालं. सिझरचे टाके दुखतायत आणि घरात कुणीतरी म्हणतं, "गोळी घेतलीस ना, मग आज अंगावर पाजू नकोस." हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. आयबुप्रोफेन दुधात अगदी नगण्य उतरतं. तुम्हाला अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास नसेल, तर डॉक्टर बाळंतिणीला हीच गोळी देतात. गोळीही घ्या, बाळालाही पाजा. बाळ महिने भरण्याआधी जन्मलं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारा.

सावध राहायचं ते कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधापासून. काही जणींच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन, म्हणजे गुंगी आणणारं जोरदार औषध, फार झपाट्याने होतं आणि ते दुधातून बाळापर्यंत जातं. बाटलीवर कोडीन लिहिलंय का ते वाचा. असं औषध घेतलं गेलंय आणि बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, दूध ओढत नाही, श्वास मंद वाटतोय, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.