तीच तार, तोच हात, तीन हेड

आधी फक्त ऐका.

(मोकळी ई तार, एकदाच)

बेस गिटारची ही सगळ्यात जाड तार. तिचा मूळ सूर 41 हर्ट्झचा, पण आता तुमच्यापर्यंत त्यातला फार थोडा पोचला. दहा इंची आठ स्पीकरांचं अ‍ॅम्पेगचं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आहे, 58 हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज कमी होऊ लागतो. वरचे 82 आणि 123 हर्ट्झचे उपस्वर (मूळ सुराच्या पटीतले सूर) ऐकून खालचा खर्ज आपला कानच जुळवतो. त्या उपस्वरांना कसं वागवायचं, ते मात्र हेडच्या, म्हणजे कॅबिनेटला आवाज पुरवणाऱ्या अ‍ॅम्पच्या हातात असतं.

वादन आम्ही एकदाच रेकॉर्ड केलं. तेच प्रत्येक हेडमधून सोडलं. कॅबिनेट तेच, माइक जागचा हलवला नाही. आणि आवाजाची पातळी मीटर लावून सारखी केली. ही काळजी सगळ्यात मोलाची, कारण जरासा मोठा आवाज कानाला लगेच जास्त भरदार वाटतो. बहुतेक तुलना इथेच फसतात.

पहिलं हेड अ‍ॅम्पेग एसव्हीटी. 1969 साली आलेलं, 300 वॅटचं, सहा पॉवर ट्यूबचं, म्हणजे आवाजाला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्यांचं. वजन 35 किलोंच्या वर.

(हळू ओळ, मग तीच जोरात)

जोरात छेडलेली तार तुटक झाली नाही. ट्यूब एकदम हात टेकत नाहीत. सुराचं टोक हळूच दाबतात, उपस्वर वाढवतात. शिवाय ट्यूब अ‍ॅम्पची स्पीकरच्या पडद्यावरची पकड सैल असते, म्हणून स्वर थोडा रेंगाळतो. बोटांचा जोर कमी-जास्त केला की रंग बदलतो. या हेडवर माझा जीव आहे, ते लपवत नाही.

दुसरं गॅलियन-क्रूगर 800 आरबी. ऐंशीच्या दशकातलं, ट्रान्झिस्टरचं.

(तीच ओळ)

बोट तारेवर पडल्याचा क्षण इथे पुढे येतो. स्वर जिथे थांबवला, तिथेच थांबतो.

तिसरं अ‍ॅगिलार टोन हॅमर 500. क्लास डी, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या पॉवर विभागाचं, दोन किलोंच्या आतलं. पॉवर विभाग स्वतःचा रंग जवळपास घालत नाही. जो काही रंग आहे तो सुरुवातीलाच सूर घडवणाऱ्या भागाचा, म्हणजे प्रीअ‍ॅम्पचा.

(तीच ओळ)

तिन्हींचे नॉब मधोमध होते. पण एका हेडचं मधोमध म्हणजे दुसऱ्याचं मधोमध नव्हे. प्रत्येकाची टोनची सर्किटं निराळी. नॉबचे आकडे जुळवण्यापेक्षा कानाने जुळवा.

आता ड्रम्स आणि गिटार सोबत घेतो. एसव्हीटीवर बास (खालचे सूर) वाढवलाय, मिड (मधले सूर) कमी केलाय. एकट्याने वाजताना हाच आवाज मखमली वाटला होता.

(पूर्ण बँड)

बेस कुठे आहे, शोधा. खाली किक ड्रमने जागा घेतली, वर गिटारने. या हेडच्या मिडला 220, 800 आणि 3000 हर्ट्झ अशा जागा आहेत. स्विच 800 वर नेतो, मिड वाढवतो. पातळी पुन्हा सारखी करून घेतलीय.

(पूर्ण बँड, तीच ओळ)

आता प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतोय.