एकटीनं गोधडी पुरी करायची तर

आज इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणींच्या घरी एक बोचकं असणार. जुन्या चादरीत गाठ मारलेलं, कपाटाच्या माथ्यावर नाहीतर दिवाणाच्या पोटात. आत जोडून झालेले ठिगळांचे चौकोन, दोन जुन्या साड्या, एक रीळ आणि कापडात तशीच टोचून ठेवलेली सुई. घरी गेल्यावर पहिलं काम ती सुई काढायचं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती एका पावसाळ्यात गंजते. गंजाचा डाग सुती कापडावरून सहजी निघत नाही, आणि डागापाशी कापड विरत जाऊन शेवटी भोक पडतं. सेफ्टी पिनांचंही तेच.

काम अर्धं राहिलं की आपण आळसाचं नाव घेतो. मला ते निदान पटत नाही. हिशेब मांडून बघू.

मोठ्या माणसाची गोधडी साधारण पाच फूट बाय सात फूट, म्हणजे 60 बाय 84 इंच. उभा धावदोरा एकेक इंचावर घातला तर 59 ओळी होतात. एक ओळ 84 इंचांची, म्हणजे सगळ्या मिळून 4956 इंच, जवळपास 126 मीटर टाके. सरावलेल्या हाताला एका ओळीला पंचवीस मिनिटं धरा, नव्या हाताला चाळीस. एकूण पंचवीस ते चाळीस तास, आणि हे नुसते टाके. कापणं, जोडणं, पसरणं, कडेला गोट, म्हणजे कापडाची पट्टी, लावणं यात धरलेलंच नाही.

आता जुनी पद्धत आठवा. गोधडी, कुठे वाकळ म्हणतात, ती उन्हाळ्यात शिवायची, शेतातली कामं उरकल्यावर आणि पावसाच्या आत. अंगणात लुगडी पसरायची आणि चार बाजूंना चार बायका बसायच्या. पंचवीस तासांचं काम चौघींत सव्वासहा तासांचं झालं, म्हणजे दोन दुपारी. गोधडीचं माप आणि टाक्यांची दाटी त्या चार जोडी हातांच्या हिशेबानं ठरलेली आहे. आपण माप तेच ठेवलं, दाटी तीच ठेवली, फक्त तीन माणसं कमी केली. अंगणही गेलं.

म्हणून काम अडतं ते ठरावीक ठिकाणीच. चौकोन जोडताना सहसा कुणी थांबत नाही. ते मांडीवर होतं, मालिका बघता बघता होतं, रंग जुळत जातात तसा हुरूप येतो. अडतं त्यानंतर, थर पसरायची वेळ आली की. सात फूट लांब कापड पसरायचं आणि भोवती फिरायलाही जागा हवी, म्हणजे सोफा, टीपॉय सगळं हलवायचं. ते आज नको, रविवारी करू, असं होतं. आणि तिथंच बोचकं बांधलं जातं.

या टप्प्यावर घाई केली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून इथं जरा थांबते. अस्तर उलटं, म्हणजे सुलट बाजू जमिनीकडे करून पसरा आणि कडा कागदी चिकटपट्टीनं फरशीला चिकटवा. कापड ताठ हवं, पण ताणलेलं नको. ताणून चिकटवलंत तर पट्टी काढल्यावर ते आकसतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. त्यावर आतले थर, त्यावर जोडलेलं कापड. मग मधून कडेकडे हात फिरवत कच्चा दोरा, म्हणजे नंतर काढून टाकायचे तात्पुरते टाके, घाला. टाके दोन-तीन इंचांचे चालतील, ओळी मात्र सहा-सहा इंचांवर हव्यात, आडव्याही आणि उभ्याही. वीतभर अंतर सोडलं तर मधे फुगा येतो. तो फुगा धावदोऱ्यापुढे सरकत सरकत कडेला पोचतो आणि दुमडून बसतो. मग उसवायचं, आणि उसवायला लागलेली गोधडी बहुधा पुन्हा हातात येत नाही. कच्चा दोरा गडद रंगाचा घ्या, काढताना दिसला पाहिजे. गडद म्हणजे लाल नव्हे. लाल दोऱ्याचा रंग फिकट कापडावर उतरू शकतो.

दुसरं अडायचं ठिकाण चौकोनांच्या सांध्यात असतं. चार ठिगळं जिथं मिळतात तिथं प्रत्येकाची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जादा कड, आत दुमडलेली असते. सगळी माया एकाच कोपऱ्यात गोळा झाली तर सुईला वरच्या कापडाचेच नऊपर्यंत पदर लागतात, त्याखाली आतले थर आणि अस्तर आहेच. सुई वाकते, बोट दुखतं, आणि दर चौकोनाला हेच होत असेल तर हात आपोआप मागे येतो. उपाय जोडतानाच करायचा. एका ओळीतली माया डावीकडे वळवून इस्त्री करा, पुढच्या ओळीतली उजवीकडे. मग सांध्यात दोन्ही शिवणी शेजारी शेजारी बसतात, एकमेकींवर चढत नाहीत. माया पाव इंचापेक्षा जास्त सोडायची गरज नाही. सुटणारं, विरळ विणीचं कापड असेल तर अर्धा इंच. अंगुस्तान, म्हणजे बोटावरची टोपी, घालाच. नको वाटतं, पण तासाभरात सवय होते.

दोऱ्याचंही बघा. एका वेळी दोन हातांपेक्षा, म्हणजे 36 इंचांपेक्षा लांब दोरा ओवू नका. सुती दोरा शेकडो वेळा त्याच थरांतून जातो, त्याला पीस सुटतं, गुंता होतो. पण मग 84 इंचांच्या एका ओळीला तीनदा तरी सुई ओवावी लागते, सगळ्या गोधडीला पावणेदोनशे वेळा. संध्याकाळच्या उजेडात नेढं दिसत नाही आणि काम तिथंच संपतं. सकाळीच पंधरा-वीस सुया ओवून कापडाच्या एका तुकड्यात टोचून ठेवा. दोरा एकूण 165-170 मीटर जातो. 200 मीटर एकदम घ्या, एकाच छटेचा. निम्म्यात रीळ संपलं आणि ती छटा मिळाली नाही, ही एवढीशी गोष्ट महिनेच्या महिने खाते.

आता एकटीच्या हातांसाठी गोधडी नव्यानं कशी आखायची ते. सगळ्यात सोपा बदल ओळींमधल्या अंतराचा. एक इंचाऐवजी दीड इंच घेतलं की 59 च्या 39 ओळी होतात आणि पंचवीस तासांचे सोळा. आत जुन्या साड्या असतील तर हे निर्धास्त करा, विणलेलं कापड जागचं हलत नाही. पिंजलेला कापूस भरला असेल तर मात्र अंतर वाढवू नका, तो धुताना गोळा होतो.

दुसरा बदल माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा आहे: गोधडी तीन पट्ट्यांत शिवा. प्रत्येक पट्टी 21 इंच रुंद, 84 लांब. ती जेवणाच्या टेबलावर पसरता येते, मांडीवर मावते, आणि एक पट्टी पुरी झाली की काहीतरी खरोखर संपलेलं असतं. साडीचा हिशेबही बसतो. सहावारी साडी 45 इंच पन्ह्याची असेल तर उभी फाडून दोन पट्ट्या मिळतात आणि लांबीत प्रत्येकीचे दोन तुकडे, म्हणजे एका साडीचे चार. आतले दोन थर आणि अस्तर मिळून नऊ तुकडे लागतात. तीन साड्यांत ते बसून तीन उरतात. साडीचा मधला भाग उजेडात धरून बघा, अंगठ्यांनी ताणा. चर्र झालं तर तो आत घाला, अस्तराला नको.

पट्ट्या जोडायच्या बाजूंना दीड इंच बिनटाक्यांचा सोडा. दोन पट्ट्यांची वरची कापडं सुलटीवर सुलट ठेवून अर्ध्या इंचावर शिवा. गोधडी उलटवा. आतले थर कापून कडेला कड भिडवा. एकावर एक चढले तर तिथं कायमचा वरवंटा राहतो. मग एका बाजूचं अस्तर सपाट ठेवा, दुसऱ्याची कड अर्धा इंच दुमडून त्यावर तुरपाई करा. सोडलेल्या जागेत शेवटी एक-दोन धावदोरे घाला.

तिसरी वाट कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याची. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती आधी वरचं कापड जोडून नव्हे. अस्तराच्या एका कोपऱ्यात पहिलं ठिगळ ठेवून, कड आत मुडपून, धावदोऱ्यानं थेट बसवतात, मग कडेकडेनं फिरत मध्याकडे जातात. ठिगळ जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. पसरण्याचा वेगळा टप्पाच नाही, मग अडणार कुठे? चुकत असेल तर मध्यात: सगळी ढिलाई तिथं जमते. म्हणून दर दोन फेऱ्यांनी कापड सपाट ठेवून हात फिरवा आणि वाढलेलं पुढच्या ठिगळाखाली मुरवा. शेवटी त्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेली त्रिकोणी फुलं लावतात.

गोट हा शेवटचा अडथळा. घेर 288 इंच. अडीच इंची पट्ट्या, 44 इंची पन्ह्यातून आठ, म्हणजे 60 सेंटीमीटर कापड पुरतं. कडा सरळ आहेत, त्यामुळे उरेब, म्हणजे तिरकं, कापायची गरज नाही. घरात जुनं नऊवारी असेल तर आणखी सोपं. नऊ वार म्हणजे 324 इंच, एका बाजूचा काठ अख्ख्या गोधडीला बिनजोड पुरतो. काठ अडीच-तीन इंची आणि मऊ असेल तरच. जरीचा, कडक काठ कोपऱ्यात वळत नाही.

जुनं बोचकं उघडलंत तर आधी कापड झटका, कसर लागली आहे का बघा, घडीवर फाटलेलं बघा. राहिलेल्या ओळी मोजा, पंचवीसनं गुणा. जे उत्तर येईल तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर खुशाल लहान करा: 36 बाय 36 इंचांचं दुपटं काढा, उरलेल्याची आसनं. आणि पुन्हा ठेवायची वेळ आली तर आत एक चिठ्ठी टाका, सुई कोणती, दोरा कोणता, ओळींचं अंतर किती. तुमचं तुम्हालाच आठवत नाही.

एक प्रश्न आलाय, मशिनवर मारली तर? जरूर. पण पाच फुटांची गुंडाळी घरगुती मशिनच्या हाताखालून जात नाही, म्हणून इथंही पट्ट्याच. सुई 16 नंबरची, टाका चार मिलिमीटरचा, कापड दाबून धरणाऱ्या मशिनच्या पायाचा दाब कमी. सगळ्या ओळी एकाच टोकाकडून मारा. एक वरून, एक खालून अशा मारल्यात तर पाय वरचं कापड दर वेळी उलट दिशेला ढकलतो आणि दोन ओळींमध्ये तिरक्या चुण्या पडतात.