घडीची होडी: जुनी ट्रायमरान पारखताना

(मंडळाच्या मासिक सभेतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, 'जुनी ट्रायमरान कशी पारखावी'. पारखण्याकडे येतोच. पण आधी ती बोट मिटते कशी, हे सांगू द्या. माझं म्हणणंच असं आहे की ही बोट घेणारा माणूस शिडं आणि वेग बघतो, आणि खरं घ्यायचं असतं ते तिचं मिटणं.

मालवण-वेंगुर्ल्याकडची मंडळी समोर दिसतायत, त्यांना उलांडी सांगायला नको. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला जोडलेला तरंगता आधार. ट्रायमरानला दोन्ही अंगांना उलांड्या, त्याही पोकळ आणि तरंगणाऱ्या. त्यामुळे तळाशी शिशाचं वजन लागत नाही. कोर्सेअर एफ-२७ हे अशाच एका ट्रायमरानचं मॉडेल, सत्तावीस फुटांचं, पण रिकामी जेमतेम १२०० किलो. मधली, तळातून पाण्यात उतरणारी फळी वर ओढली की दीड फुटापेक्षा कमी पाण्यात तरंगते. वारा चांगला असेल तर पंधरा नॉट, म्हणजे तासाला पंधरा सागरी मैल, सहज, आणि हातातला चहा सांडत नाही. (हे माझ्या बायकोला मान्य नाही. ती दुसऱ्या रांगेत आहे, नंतर विचारा.)

अडचण रुंदीची. उघडलेली एफ-२७ एकोणीस फुटांची होते. मरीनावाला, म्हणजे बोटी उभ्या करायच्या धक्क्याचा मालक, दोन जागांचं भाडं मागतो आणि रस्त्यावर तर तुम्हाला उभंच करत नाहीत. अमेरिकेत खास परवान्याशिवाय साधारण साडेआठ फूट चालते. न्यूझीलंडच्या इयान फॅरिअरने सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात बसून यावर तोड काढली. पुढे वॉलमार्टच्या घराण्यातल्या जॉन वॉल्टनने कॅलिफोर्नियात कारखाना घातला आणि १९८५च्या सुमारास एफ-२७ बाजारात आली. मिटलेली तिची रुंदी आठ फूट पाच इंच. कायद्याला एक इंच शिल्लक!

इंजिनियर मंडळी, फोर-बार लिंकेज, म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या चार दांड्यांची हलती चौकट, आठवतंय का? परीक्षेपुरतं, हो ना? इथे ते खाऱ्या पाण्यात काम करतं. प्रत्येक बाजूला उलांडीला बोटीशी जोडणारे दोन आर्म, प्रत्येक आर्मला एक मोठा बोल्ट, खाली आधाराचे दांडे. बोल्ट सोडून ढकललं की फ्लोट, म्हणजे तीच उलांडी, खाली जात आत येतो आणि कुशीवर आडवा होऊन बोटीला बिलगतो. एकूण चार बोल्ट. हे पाण्यातसुद्धा एकट्याला करता येतं. उगाच टाळ्या नकोत, फॅरिअर २०१७ साली गेला.

आता ट्रेलर. ही माझी जुनी जखम आहे, पाचच मिनिटं.

आम्ही जी बोट पाहायला गेलो, तिचा मालक अगदी गोड माणूस. जाहिरातीत 'रेससाठी सज्ज, ट्रेलरसकट'. बोट लखलखीत, शिडं घड्या घालून पिशवीत, डोलकाठीला पॉलिश. टायरची नक्षी कोरी करकरीत. मित्र वाकून टायरच्या कडेचा शिक्का वाचायला लागला. शेवटचे चार आकडे असतात ना, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर दहा वर्षांपेक्षा जुने! नक्षी कोरी, कारण गाडी चाललीच नव्हती. रबराला मात्र केसासारख्या भेगा. मालक म्हणाला, "मागच्याच वर्षी बेअरिंगला ग्रीस भरलंय." टायर आम्ही तिथेच बदलून घेतले, बेअरिंगच्या बाबतीत त्याचा शब्द घेतला. बोट घेऊन निघालो, तर डोंगर चढताना ट्रेलरच्या उजव्या चाकाकडून जळका वास. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागावर, पाणी शिंपडलं तर चर्रर्र झालं. आतून जे निघालं त्याला ग्रीस म्हणणं हा ग्रीसचा अपमान. तपकिरी चिखल होता. गरम हब रॅम्पवरून खाऱ्या पाण्यात बुडतो, आतली हवा आक्रसते, सील जुनं असेल तर पाणी ओढलं जातं. दरवर्षी तेच. महामार्गाच्या कडेला आम्ही मेकॅनिकची वाट बघत उभे, आणि येणारा-जाणारा गाडी थांबवून विचारतोय, "विमान आहे का?" एका आजोबांना तर मी हो म्हणालो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. बरं, आता पारख, भराभर.

बोटीचं अंग म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये फोम. बोटांच्या पेरांनी ठोकत चला. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पाणी शिरलंय किंवा थर सुटलेत. आर्म जिथे बसतात ते खोबण सगळ्यात आधी. बोल्ट आवळल्यावर आर्म आणि बोट यांत फट उरता कामा नये. खालच्या दांड्यांच्या पिना हलवून बघा, भोकं लांबट झाली असतील तर खर्च मोठा. फ्लोटच्या बाहेरच्या अंगावर शेवाळाचे डाग दिसले तर बोट मिटलेल्या अवस्थेत पाण्यात राहत होती, कारण मिटल्यावर तीच बाजू बुडते. बोट आणि फ्लोट यांच्यामध्ये चालायला ताणलेली जाळी असते, तिचा दोरा नखाने खरवडा, उन्हाने त्याचा भुगा होतो. जाळी फाटली तर तुम्ही पाण्यात.

रेस की दिवसाची सहल? बोट तीच, फरक सामानाचा. हिला वजन सोसत नाही. शेगडी, बर्फाची पेटी, जादा नांगर चढवलात की निम्मा वेग गेला. २०१५ साली अमेरिकेतल्या पोर्ट टाउनसेंडहून अलास्कातल्या केचिकानपर्यंतची पहिली रेस टू अलास्का, साडेसातशे मैल, इंजिन अजिबात नाही, जिंकली फॅरिअरच्याच एफ-२५सीने. बक्षीस दहा हजार डॉलर, दुसऱ्याला सुऱ्यांचा संच. आणि हो, उलटली तर ती आपली आपण सुलटी होत नाही, तरंगते फक्त. सोसाट्यात शीड लवकर कमी करा.

शेवटचं. व्यवहाराआधी मालकालाच सांगा: मिटून दाखव, डोलकाठी उभी कर, उघड. तुम्ही खिशात हात घालून घड्याळ बघा. तासाभरात तयार झाली तर तुम्ही शनिवारी जाल, तीन तास लागले तर बोट अंगणात राहील. किमतीचं सभागृहात विचारू नका, दुसरी रांग ऐकतेय.