सही झाल्यानंतरची वर्षं

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, कामठीची छावणी इथून जवळच आहे. संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी तुमच्यापैकी अनेकांना अनोळखी नसेल. ती घातलेला जवान परमुलखात उभा राहून नेमकं काय साधतो, हे मात्र आपण क्वचित विचारतो.

दोन देश घेऊ, अंगोला आणि मोझांबिक. दोन्ही पोर्तुगालच्या वसाहती, दोन्ही १९७५ मध्ये स्वतंत्र झाले आणि दोन्हीकडे यादवी पेटली. अंगोलात १९९१ मध्ये करार झाला. देखरेखीला संयुक्त राष्ट्रांचे काहीशे निरीक्षक, एवढीच व्यवस्था. दोन्ही बाजूंची सैन्यं पुरती मोडलेली नसतानाच सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक घेतली. बंडखोर नेते सावींबी मागे पडले, त्यांनी निकाल नाकारला आणि पुन्हा बंदुका निघाल्या. ते युद्ध थांबलं २००२ मध्ये, सावींबी मारले गेल्यावर. मधल्या दहा वर्षांत किती माणसं हकनाक गेली!

मोझांबिकचा करार ऑक्टोबर १९९२ मध्ये रोमला झाला. अंगोला डोळ्यांसमोर होता, म्हणून इथे हजारोंची शांतिसेना आली. आधी सैनिकांना छावण्यांत गोळा करून शस्त्रं जमा केली आणि त्यासाठी निवडणूक ऑक्टोबर १९९४ पर्यंत लांबवली. बंडखोर इथेही हरले, पण संसदेत जाऊन बसले. २०१३ च्या सुमारास तिथे पुन्हा चकमकी झाल्या, २०१९ मध्ये नवा करार करावा लागला, हे खरं. तरी मधली वीसेक वर्षं त्या देशाला मिळाली, आणि मी ती फार मोठी कमाई मानतो.

असं का होतं? बार्बरा वॉल्टर या अमेरिकी अभ्यासिकेने यादवी युद्धांचा अभ्यास करून मांडलेलं उत्तर मला पटतं. तडजोड सापडत नाही, ही खरी अडचण नसते. शस्त्र खाली ठेवलं की आपण उघडे पडू आणि समोरचा शब्द फिरवेल, ही भीती दोघांनाही असते. वाटाघाटी कितीही कुशल असोत, तेवढ्याने ती जात नाही. मधे कुणीतरी हमी घेऊन उभं राहावं लागतं.

हे मधे उभं राहणं आपल्या माणसांनी केलेलं आहे. १९५३ मध्ये कोरियात युद्धबंदी झाली, तेव्हा मायदेशी परतायला नकार देणारे वीस हजारांहून अधिक युद्धकैदी भारतीय तुकड्यांच्या ताब्यात दिले गेले. त्यांचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथेही कैद्यांच्या छावण्यांत दंगे, धमक्या. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हा प्रसंग नाव घेण्यापुरताही येत नसेल, तर तो यायला हवा.

आज काळजी वाटते ती पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशाची. तिथल्या सरकारच्या मागणीवरून सुरक्षा परिषदेने जून २०२३ मध्ये शांतिसेनेचं काम संपवलं. वर्षअखेरीपर्यंत ती निघाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये लष्करी राजवटीने २०१५ चा शांतता करारच रद्द केला. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, प्रबंधाला विषय शोधत असाल तर सहीच्या दिवसाची छायाचित्रं बाजूला ठेवा. सैन्य कधी निघालं, कुणी काढलं, आणि त्यानंतरच्या महिन्यांत गावांत काय झालं, तिथून सुरुवात करा.