न लावलेलं रोप

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या पावसाला आठवडा झाला की कुंड्यांमधून काहीतरी हिरवं डोकं वर काढतं. आपण पेरलेलं नसतं, लावलेलं नसतं. यंदा माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत असंच एक रोप आलं. सहा-सात पानं, मऊ, टोकाला निमुळती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मिरची आहे गं, राहू दे." स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत मी कुंडीत घालते, त्यामुळे मलाही ते पटलं. माळीदादांनी मात्र बघताक्षणी सांगितलं, "ताई, तण आहे, उपटून टाका."

मी उपटलं नाही. रोप लहान असताना नुसत्या पानावरून नाव सांगणं फार अवघड असतं. मिरची, वांगं, कामोणी, धोतरा ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि लहानपणी ती ओळखताना भले भले चुकतात. यातली मिरची आपण रोज खातो आणि धोतरा मात्र जिवावर बेततो. म्हणून मी कळकळीनं सांगते, नाव पक्कं होईपर्यंत पान चावून बघू नका. घरातल्या मुलांनाही बजावून ठेवा.

मग बघायचं काय? खोड गोल आहे की कंगोऱ्यांचं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. पान चुरगळलं तर वास कसा येतो. देठ खुडल्यावर पांढरा चीक येतो का. चीक आला तर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते.

एका झाडाच्या बाबतीत मात्र थांबू नका. ते म्हणजे गाजरगवत. गाजरासारखी चिरलेली पानं आधी जमिनीलगत पसरतात, मग उंच दांडा येतो आणि त्यावर बारीक पांढरी फुलं. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज ते देशभर माजलंय. त्यानं अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, काहींना दमाही होतो. फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं.

माझ्या रोपाला ऑगस्टमध्ये फूल आलं. पानाच्या बगलेत एकच, खाली मान घातलेलं, फिकट पिवळं, आत गडद ठिपके. मिरचीचं फूल पांढरं असतं, तेव्हा मिरची बाद झाली. कामोणीला चांदणीसारख्या पांढऱ्या फुलांचा झुपका येतो, तीही बाद. धोतऱ्याचं फूल तर चांगलं लांब कर्ण्यासारखं. आणि पंधरा दिवसांत उरलासुरला संशय फिटला. फूल गळल्यावर त्याच्या मागचा हिरवा पुष्पकोश फुगत गेला आणि फळाभोवती कागदी कंदिलासारखी पिशवी तयार झाली. चिरबोटी! कुणी तिला रानपोपटी म्हणतात. लहानपणी आम्ही हेच कंदील कपाळावर आपटून फट्‌कन फोडायचो, आणि तिचं रोप दारात आलं तर मला ओळखता आलं नाही!

मोबाइलवर फोटो काढला की ॲप नाव सांगतं. त्यानं दिशा मिळते, पण खात्री फूल-फळ बघूनच करा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचं केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. तिथल्या कागदांवर वाळवून चिकटवलेल्या फांद्यांना शक्यतो फूल किंवा फळ असतंच, कारण तज्ज्ञही त्यावरूनच झाडाची ओळख ठरवतात. मीही एक फुललेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवली आहे. खाली तारीख लिहिली आहे आणि 'कढीपत्त्याची कुंडी, पूर्वेची गॅलरी' असा पत्ता.

चिरबोटीचं कच्चं फळ खाऊ नये, ते बाधतं. काल दोन कंदील वाळून आपणहून कुंडीत गळाले. एक सोलला, तर आत वाटाण्याएवढं पिवळं फळ होतं. दुसरा मी काकूंना नेऊन दिला.